किती फुटाला पाणी येतं?

सांगलीत घर किती उंचावर आहे हे आयर्विन पुलाच्या हिशेबात सांगतात. ‘आमच्या दारात ४५ ला पाणी’, ‘आम्ही ५० पर्यंत निवांत’, ‘तुमचं काय बाई, तुम्ही विश्रामबागेतले’. १९२९ साली खुल्या झालेल्या त्या पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात, ते हे फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. बाहेरगावच्या माणसाच्या कानावर हे बोलणं पडलं तर त्याला वाटेल, मंडळी शर्टाचे नंबर सांगताहेत.

मी घेतलेल्या फ्लॅटची फरशी ५३ फुटांवर आहे. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मी काढलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली तेव्हा या घरात ४ फूट ८ इंच पाणी होतं. २०२१ च्या जुलैत ५४ च्या पुढे गेली तेव्हा १ फूट ८ इंच. बाहेरच्या खोलीत दोन्ही खुणा होत्या, तपकिरी, सरळ, ओळंब्या-पाणसळीनं मारल्यासारख्या. २००५ ची खूण रंगाखाली गेली होती. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला एवढी वजाबाकी पुरते. पुढच्या वजाबाक्या मात्र चुकल्या, आणि त्या कशा चुकल्या हेच सांगायचं आहे.

घर घ्यायचं खूळ धाकट्या भावाचं. तो पुण्यात नोकरीला. माझे निवृत्तीचे पैसे आले आणि त्याच्या डोक्यात आलं की, पुरातली घरं स्वस्तात जाताहेत, एक घेऊ, नीट करू, भाड्यानं देऊ, भाव चढला की विकू. त्यानं मला अमेरिकेतल्या जुनी घरं घेऊन विकणाऱ्यांचे व्हिडिओ पाठवले. त्यांचा एक नियम आहे, ७० टक्क्यांचा. दुरुस्तीनंतर घर जितक्याला जाईल त्याचे ७० टक्के काढा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा, उरेल त्याच्या वर एक पैसा देऊ नका. राहिलेल्या ३० टक्क्यांत व्याज, दलाली, कागदपत्रं आणि नफा.

आम्ही नियम लावून पाहिला. तळमजल्यावरचा, ६२० चौरस फुटांचा, ऐंशीच्या दशकातल्या इमारतीतला तो फ्लॅट नीटनेटका केला तर २० लाखांना जाईल असं धरलं. त्याचे ७० टक्के १४. दुरुस्ती ४. उरले १०. मालक १३ वर अडून बसलेले.

‘‘ताई, ते नियम तिकडचे,’’ भाऊ म्हणाला. ‘‘आपल्याकडं जागेचा भाव कधी उतरतो का?’’

मी हो म्हटलं. आता वाटतं, त्या नियमानं हो म्हटलं असतं तर आम्ही त्याला शास्त्र म्हणालो असतो. नाही म्हणाला म्हणून तो परका झाला.

मार्च २०२२ मध्ये खरेदीखत झालं, माझ्या एकटीच्या नावावर. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, बाईच्या नावे घर असेल तर १ टक्का सवलत. भावाचं नाव लावलं असतं तर ती गेली असती. ६५ हजार शुल्क, १३ हजार नोंदणी फी. सवलतीला तेव्हा एक शेपूट होतं, १५ वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. विकण्यासाठीच घर घेणाऱ्या आम्हा दोघांनी ते सहीच्या दिवशी वाचलं. पुढं २०२३ मध्ये सरकारनं ती अट काढली, नशीब आमचं.

आता अंदाजपत्रक. मी वही काढली, टेप घेऊन दोन दुपारी घर मोजलं आणि तिसऱ्या दिवशी हिशेब मांडला. बेरीज आली ४,६२,०००. आम्ही बोलण्या-बोलण्यात ठरवलं होतं की दुरुस्तीला ४ लाखांच्या वर जायचं नाही. मग मी तो कागद परत पुढ्यात घेतला. खिडक्या बदलण्याऐवजी रंगवू. बाथरूमच्या फरश्या छताऐवजी सहा फुटांपर्यंतच. वायरिंग निम्मं जुनं ठेवू. ‘किरकोळ’ या नावाखाली ४० हजार होते, ते १० केले. नवी बेरीज ३,८०,०००. भावाला तोच आकडा कळवला. पहिला कागद फाडून टाकला नाही, वहीतच दुमडून राहिला. पुढच्या कथेत त्याचं काम आहे.

शाळेत मुलं उत्तर मागून बघून गणित मांडायची. मी त्यांचे गुण कापत असे.

मिस्त्री ओळखीचे. त्यांची मुलगी माझ्या हाताखालून दहावी झालेली, म्हणून ते मला अजून ‘बाई’च म्हणतात. पहिल्या भेटीत त्यांनी काही मोजलं नाही. हातोडीचा दांडा उलटा धरून ते भिंतीवर ठोकत फिरले. खाली सगळीकडं बद्द आवाज. मी २०१९ च्या खुणेपर्यंत, थोडं वर धरून ५ फुटांपर्यंत गिलावा पाडायचा हिशेब केला होता. ते ठोकत ठोकत खांद्याच्या वर गेले, डोक्यापर्यंत गेले, तरी आवाज बद्दच.

‘‘बाई, पाणी जितवर आलं तितवरच भिंत भिजत न्हाई. त्येच्या वर चढतंय.’’

‘‘किती?’’

‘‘त्ये भिंतीलाच इचारा.’’

वीट पाणी वर ओढते, दिव्याची वात तेल ओढते तशी. पुराच्या पाण्यातले क्षार त्याबरोबर चढतात. पाणी उडून जातं, क्षार राहतात, गिलाव्याच्या मागं त्यांचे खडे होतात आणि ते गिलाव्याला आतून ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. वरून पुट्टी आणि रंग मारला तर सहा महिने घर नवं दिसतं. माझ्याआधीच्या मालकांनी तेच केलं होतं, आणि मी त्या रंगाला भुलून ‘भिंती ठीक’ असं वहीत लिहिलं होतं. ५ फुटांचे ७ झाले. दीडशे फूट लांबीच्या भिंतींना ५ फुटांनी साडेसात ब्रास, ७ फुटांनी साडेदहा. तोडून नवा गिलावा, मटेरियलसकट ५५ रुपये चौरस फूट. एका हातोडीच्या दांड्यानं साडेसोळा हजार वाढवले.

ब्रास या शब्दाबद्दल एक सांगायलाच हवं. वाळू, खडी, राडारोडा यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा, फरशी, रंग यांचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. बोलणारा कधीच फोड करून सांगत नाही, ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. त्यात रंगवाला भिंतीचे फूट मोजतो आणि घर घेणारा जमिनीचे. ६२० फुटांचं घर रंगवायला काढलं की भिंती आणि छत धरून त्याच्या तिप्पट किंवा जास्तच भरतं. भाऊ फोनवर ओरडला होता, ‘‘अगं, घर ६२० चं आणि रंग दोन हजार फुटांचा? फसवतोय तो!’’ फसवत नव्हता.

मिस्त्री म्हणाले, लगेच काम काढू नका, भिंती सुकू द्या. नऊ इंची भिंत पुरती सुकायला महिने जातात. मी एप्रिल-मे दारं-खिडक्या उघड्या टाकून रोज संध्याकाळी कुलूप लावायला जायची. मग पावसाळा आला आणि आमचा जीव पुलाकडं लागला. टपरीवर नेहमीचा वाद, कोयना धरणातून किती सोडलं आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा खरा की खोटा. हरिपूरला वारणा येऊन मिळते तिथं कृष्णेचं पाणी तुंबतं का, यावरही दोन तट. त्या वर्षी पाणी आमच्या ५३ पासून दूर राहिलं. दिवाळीनंतर काम सुरू झालं. दोन महिन्यांत संपेल असं मी लिहून ठेवलं होतं.

फुटलेली वस्तू अखंडापेक्षा जास्त जागा घेते, हे मला पाठ्यपुस्तकात कधी भेटलं नव्हतं. जुनी फरशी आणि तिच्या खालचा तीन इंचाचा थर ५६० चौरस फुटांवर म्हणजे १४० घनफूट. त्यात गिलाव्याचे ७०. मी म्हटलं दोन ब्रास, दोन ट्रॉल्या. पण उखडलेला माल पोकळ पडतो, दीडपट होतो. वर मोडलेला ओटा, बाथरूमच्या फरश्या, जुना कोबा. ट्रॅक्टरच्या पाच ट्रॉल्या गेल्या. तिसऱ्या ट्रॉलीला शेजारच्या आजींनी विचारलं, ‘‘सगळंच पाडताय का गं?’’

फरशीचंही तसंच. दोन बाय दोनच्या चार फरश्यांची एक पेटी, १६ चौरस फूट. ५६० ला ३५ पेट्या, भागाकार बरोबर. कापण्यात आणि फुटण्यात तीन गेल्या. भिंतीच्या पायाशी चार इंचांची पट्टी लागते ती मी विसरलेच होते, तिला तीन. आणि दोन जादा घेऊन माळ्यावर ठेवल्या, कारण दोन वर्षांनी तीच छटा दुकानात मिळत नाही. ३५ च्या ४३. दुकानदारानं भाव सांगितला होता तो कर सोडून, हे बिल हातात आल्यावर कळलं. १८ टक्के जीएसटी, चढाई-उतराई वेगळी, टेम्पो वेगळा. सिमेंटवर तेव्हा २८ टक्के होता, तो १८ वर यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. पक्कं बिल नको असेल तर कमी करू, असं दुकानात हळूच म्हणतात. मोह होतो. पण पुढं घर विकताना, नफ्यावरचा कर काढताना दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीत धरायचा तर हातात बिल लागतं, आणि तेही फरशी, वायरिंग, पाइप अशा सुधारणेचं. नुसता रंग दिला तर तो त्यात बसवणं अवघड. भाड्याच्या उत्पन्नावरच्या करात तर गंमतच आहे. वर्षाच्या भाड्यातून घरपट्टी वजा करून राहिलेल्यातले सरसकट ३० टक्के सोडतात, मग तुम्ही दुरुस्तीला दोन लाख घाला नाहीतर दोन रुपये.

सगळ्यात मोठी चूक संडासात सापडली. मी भांडं, फरशी, नळ, पाइप सगळं धरलं होतं. प्लंबरनं विचारलं, ‘‘पुरात पाणी आधी कुठनं आलं?’’ मी म्हटलं, दारातनं, दुसरीकडून कुठून येणार? तो हसला. दाराला पाणी लागायच्या आधी गटाराच्या पाइपात उलटा दाब येतो आणि पहिलं पाणी संडासाच्या भांड्यातून आणि नहाणीच्या जाळीतून वर येतं. रस्ता कोरडा असताना घरात मैला. त्यावर उपाय म्हणजे बाहेरच्या पाइपावर एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह महाग नव्हता, पण त्यासाठी बाहेरचा चेंबर खोदावा लागणार आणि चेंबर सोसायटीचा. वरच्या मजल्यावरच्यांचं म्हणणं, आमच्याकडं पाणी येत नाही, आम्ही का वर्गणी द्यायची? व्हॉल्व्ह बंद असला की वरच्यांचं पाणी कुठं जाणार, हा त्यांचा दुसरा प्रश्न, आणि तो रास्त होता. शेवटी आमच्या संडासाचा पाइप वेगळा काढून त्यावर व्हॉल्व्ह बसवला, खोदाईसकट २१ हजार. वहीत यासाठी ओळच नव्हती. आकडा कमी-जास्त झाला तर माणूस सोसतो. अंदाजपत्रकात ओळच नसली तर मात्र आपण घर बघायलाच गेलो नव्हतो असं वाटायला लागतं.

वायरिंग निम्मं ठेवायचं स्वप्न पहिल्याच दिवशी संपलं. पाण्यात बुडालेल्या पाइपांत गाळ वाळून दगड झाला होता, जुनी तार ओढली तर तुटून हातात आली. वायरमन ‘पॉइंट’वर भाव करतो, दिव्याचा एक, पंख्याचा एक, प्लगचा एक. मी ३४ मोजले होते, ४७ झाले. मी आमच्या घरातल्या सवयीनं मोजले होते, आणि आमच्या घरात मोबाइल चार्ज करायला एकच जागा आहे, देवघराशेजारी. सगळ्या तारा छताकडून खाली आणल्या आणि बोर्ड साडेपाच फुटांवर घेतले, २०१९ च्या खुणेच्या वर. मीटरही वर सरकवला. भाडेकरूंच्या मुलाचा हात अजून दिव्याच्या बटणाला पोचत नाही, तो स्टुलावर चढतो.

त्याच खुणेनं मग सगळं सामान ठरवलं. खुणेखाली प्लायवूड नाही. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे, बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट आणि फायबरचं दार. दोन्ही खोल्यांत सात फुटांवर भक्कम माळा, कारण पाणी चढायला लागलं की इथला माणूस आधी गाद्या, धान्य आणि कागदपत्रं वर टाकतो. एजंट म्हणत होता, ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर करा, हजार रुपये भाडं जास्त येईल. महिन्याला हजारासाठी ७० हजारांचं लाकूड ५३ फुटांवर ठेवायचं? ते काही मला पटलं नाही. भावाशी यावरून आठवडाभर बोलणं नव्हतं.

मार्गशीर्षात मजूर जतला यल्लम्माच्या यात्रेला गेले ते बारा दिवसांनी उगवले. फरशीवाला दुसऱ्या कामावर. खिडक्या रंगवायला काढल्या तर खालच्या चौकटी बोटानं कुसकरत होत्या, त्या बदलाव्याच लागल्या. बाथरूमच्या फरश्या छतापर्यंत गेल्या. दोन महिन्यांचे पाच झाले. तीन महिन्यांचं गेलेलं भाडं, साडेबावीस हजार, मी कुठंच धरलं नव्हतं. अजूनही कुठल्या रकान्यात घालावं ते ठरत नाही, कारण ते कुणाला दिलेलं नाही.

मार्च २०२३ मध्ये शेवटची चिठ्ठी वहीला टाचली. एकूण ५,३८,०००. भाऊ म्हणाला, ‘‘ताई, तुझा अंदाज दीड लाखानं चुकला. तू तर गणिताची बाई.’’ दोन दिवस मी मिस्त्रींना, दुकानदाराला, पुराला, यात्रेला मनातल्या मनात दोष दिला. मग वही चाळताना तो दुमडलेला कागद हाती लागला. ४,६२,०००. त्यावर १५ टक्के अडीअडचणीचे घातले असते तर ५,३१,३००. सात हजारांचा फरक. खिडक्या, वायरिंग, बाथरूम, मी खोडलेली एकूण एक ओळ घरानं परत लिहून घेतली होती. जमिनीखालचं नि भिंतीतलं मला दिसलं नव्हतं, ते १५ टक्क्यांत मावलं असतं. जे दिसत होतं ते मी स्वतःच्या हातानं खोडलं होतं.

भावाला मी तो कागद दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘हा आधी दाखवला असतास तर आपण घरच घेतलं नसतं.’’

‘‘म्हणूनच नाही दाखवला.’’

घर आता भाड्यानं आहे, महिना साडेसात हजार. वर्षाचे ९० हजार. खरेदी, शुल्क आणि दुरुस्ती मिळून १९ लाख १६ हजार गुंतले, म्हणजे पावणेपाच टक्केही पुरते नाहीत, आणि बँकेत मुदत ठेव तेव्हा सातच्या आसपास होती. त्यातूनही मी दरमहा दीड हजार वेगळ्या खात्यात टाकते, घरात त्याला ‘पुराची भिशी’ म्हणतात. २००५, मग २०१९, मग २०२१. चौदा वर्षांची फट आणि लगेच दोन वर्षांची. यांची सरासरी काढायला मी कुठल्याही मुलाला सांगणार नाही. आता पाणी आलं तर धुणं, रंग आणि थोडा गिलावा मिळून ७० हजारांत घर उभं राहील असा माझा अंदाज आहे. चार वर्षं मिळाली तर भिशी भरेल. हा अंदाज मी भावाला न सांगता, रात्री, एकदाच बेरीज करून लिहिला आहे आणि परत उघडलेला नाही.

गेल्या महिन्यात त्याच एजंटचा फोन आला. मारुती चौकाच्या पलीकडं एक जुनं घर आहे, दोन खोल्या आणि परस, मालक घाईत. मी म्हटलं, बघते, पण एक अट. भाव सांगायचा नाही. मी मोजून, ठोकून, हिशेब मांडून झाल्यावर मी विचारीन तेव्हाच सांगायचा.

‘‘काय म्हणताय मॅडम? भाव न ऐकता घर बघायला येणाऱ्या तुम्ही पहिल्याच.’’ मग थोडा थांबून त्यानं विचारलं, ‘‘बरं, किती फुटाला पाणी येतं, ते तरी सांगू का?’’

‘‘ते सांगा,’’ मी म्हटलं आणि वही उघडली.